गुंता टोकाशी सुरू होतो

डिकीच्या कोपऱ्यात नीट वेटोळं करून ठेवलेली जम्पर केबल चार महिन्यांनी बाहेर काढावी, तर हातात येतो तो लाल-काळ्या तारांचा गोळा. मधल्या काळात तिला कुणी हात लावलेला नसतो. गाडी खड्ड्यांतून गेली, घाटात वळली, डिकीत भाजीच्या पिशव्या आणि प्रवासाच्या बॅगा आल्या-गेल्या, एवढंच. मग दोष लांबीला दिला जातो, नाहीतर तार स्वस्तातली निघाली असं म्हटलं जातं, आणि पुढच्या वेळी तीच तार आणखी आवळून कोंबली जाते. उपाय लागू पडत नाही, कारण निदानच चुकलेलं असतं. तारेचा गुंता तिच्या पोटात होत नाही, तो टोकाशी सुरू होतो. जम्पर केबलला अशी चार टोकं असतात आणि चारही टोकांना दातेरी चिमटे असतात. ही टोकं बंदिस्त केली की मधली तार कितीही लांब आणि जड असो, तिला गुंतायला वाट उरत नाही. केबल कशी बांधायची हे या एका गोष्टीवरून ठरतं.

याला प्रयोगाचा आधार आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी २००७ साली एक अगदी साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चौकोनी डब्यात दोरीचा तुकडा टाकायचा, डबा काही वेळा गरगर फिरवायचा आणि उघडून पाहायचं. असं त्यांनी ३,४१५ वेळा केलं. गाठी काही सेकंदांतच बसत होत्या, आणि त्यांची वर्गवारी केली तेव्हा १२० वेगवेगळ्या जातींच्या गाठी निघाल्या. या कामाला २००८ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसू आणणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन म्हणून त्याची दखल घेतली गेली. आपल्या कामाच्या गोष्टी त्यात तीन आहेत. पहिली, ४६ सेंटिमीटरहून आखूड दोरीला गाठ बसलीच नाही. तिथपासून साधारण दीड मीटरपर्यंत गाठीची शक्यता झपाट्याने वाढली आणि त्यानंतर लांबी वाढवूनही फारसा फरक पडला नाही. दुसरी, ताठ दोरीला आणि अपुऱ्या जागेत दाबून बसलेल्या दोरीला गाठी कमी पडल्या, कारण तिला हलायलाच मिळालं नाही. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. डब्यात दोरीची वेटोळी एकमेकांशेजारी पडतात आणि तिचं मोकळं टोक त्या वेटोळ्यांच्या वरून-खालून सरकत जातं, असा गाठ बसण्याचा क्रम त्यांनी मांडला. वेटोळी जागच्या जागी असतात. विणकाम करतं ते टोक.

गोव्यात शिगम्याला गोफ पाहिला असेल, तर हेच दृश्य डोळ्यांसमोर येईल. वर एका जागी बांधलेल्या रंगीत दोऱ्यांची खालची टोकं हातात धरून नाचणारे एकमेकांना आतून-बाहेरून ओलांडत जातात आणि डोक्यावर दोऱ्यांची वेणी विणली जाते. मग पावलं उलट्या क्रमाने पडतात आणि तीच वेणी उलगडते. नाचणारे जागीच उभे राहिले, तर दोऱ्या कितीही लांब असोत, गोफ विणला जाणार नाही. डिकीतली केबल हा असाच एक गोफ आहे, फक्त त्याची पावलं गाडीचे हिसके टाकतात, त्यामुळे ती उलट कशी टाकायची हे कुणालाच ठाऊक नसतं. शिवाय इथे नाचणाऱ्यांच्या हाती आकडे आहेत. गुळगुळीत दोरीचं टोक वेटोळ्यात शिरलं तर परत बाहेर सरकूही शकतं. चिमट्याचा जबडा मात्र शिरताना सहज शिरतो आणि निघताना शेजारच्या तारेला अडकतो. म्हणून जम्पर केबलच्या गुंत्यात खरी गाठ पुष्कळदा नसतेच. चार जबडे चार ठिकाणी अडकलेले असतात, आणि अडकलेला जबडा ओढला की जी नव्हती ती निरगाठ तयार होते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: गुंतली तर गुंतली, दोन मिनिटांत सुटते, त्यासाठी एवढा विचार कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण तार ओढाताण करून सोडवली की तो ताण कुठे जातो, हे त्यात धरलेलं नाही. थोडा हिशेब करू. तांब्याची १६ चौरस मिलिमीटर जाडीची, ३ मीटर लांबीची जोडी घेतली, तर विजेला जाऊन-येऊन ६ मीटर प्रवास करावा लागतो आणि त्या वाटेचा रोध साधारण साडेसहा मिलिओहम भरतो. सेल्फ फिरताना केबलमधून १५० अँपिअर गेले, तर जवळपास १ व्होल्ट केबलमध्येच खर्च होतो. सेल्फ फिरताना चांगल्या बॅटरीचा दाबही १२.६ व्होल्टवरून १०च्या आसपास उतरतो, त्यामुळे हा एकेक व्होल्ट मोलाचा असतो. आता चिमटा आणि तार जिथे दाबून जोडलेले असतात तो सांधा पाहा. गुंता सोडवताना माणूस तार धरत नाही, चिमटा धरून हिसका देतो, आणि तो हिसका नेमका या सांध्यावर बसतो. आतल्या केसासारख्या बारीक तारा एकेक करून तुटतात, दाबलेली पकड सैल होते. अशा एका सैल सांध्याने नुसता ५ मिलिओहम रोध वाढवला, तरी १५० अँपिअरला आणखी पाऊण व्होल्ट जातो आणि त्या एका ठिकाणी एकशे बाराच्या आसपास वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. त्यावरून काय ते समजा. केबल स्वस्तातली असेल, म्हणजे आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असेल, तर हे आणखी लवकर घडतं, कारण अ‍ॅल्युमिनियम वीज तांब्याच्या सुमारे ६० टक्केच वाहून नेतं आणि वारंवार वाकवलं तर तांब्याआधी तुटतं. ‘केबल लावली तरी गाडी सुरू होईना’ या तक्रारीमागे पुष्कळदा असा सैल सांधा असतो.

दुसरं कारण सुरक्षेचं आहे. जम्प स्टार्टचा क्रम ठरलेला असतो: लाल चिमटा आधी बंद गाडीच्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चालू गाडीच्या प्लसला, मग काळा चालू गाडीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या बॅटरीला न लावता तिच्यापासून निदान ४५ सेंटिमीटर दूर, इंजिनच्या उघड्या धातूला. काढताना नेमका उलटा क्रम. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि शिसे-आम्लाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो; हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेट घेतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीपासून लांब पाडायची. हा क्रम पाळायचा, तर तीन चिमटे जोडलेले असताना चौथा कुठे आहे हे तुम्हाला पक्कं माहीत असायला हवं. गुंतलेल्या केबलमध्ये ते माहीत नसतं. एक चिमटा सोडवायला ओढला की दुसरा बॉनेटखाली भलतीकडेच सरकतो, आणि चालू बॅटरीला लागलेल्या तारांचे लाल-काळे जबडे एकमेकांना भिडले तर शेकडो अँपिअरचा शॉर्ट होतो. ती दोन मिनिटं दुपारी अंगणात गेली तर प्रश्न नाही. रात्री, पावसात, मागून गाड्यांचे हॉर्न वाजत असताना गेली तर गडबड होते आणि गडबडीत क्रम चुकतो. केबल बांधून ठेवणं हे जम्प स्टार्टचं पहिलं पाऊल आहे, फक्त ते आधी निवांतपणे उरकून ठेवायचं असतं.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे येऊ. पहिलं काम म्हणजे लाल आणि काळ्या तारेची जोडी करणं. काही केबली मुळातच जोडलेल्या येतात. तुमच्या सुट्या असतील तर दोन्ही तारा फरशीवर सरळ, शेजारी-शेजारी पसरा आणि चिमटे समोरासमोर जुळवून घ्या. ३ मीटरची केबल असेल तर दोन्ही बाजूंना ६०-६० सेंटिमीटर मोकळं सोडा आणि मधल्या १८० सेंटिमीटरवर दर ४५ सेंटिमीटरला एक, असे पाच बंद बांधा. हे अंतर उगाच निवडलेलं नाही. दोन बंदांमधला तारेचा तुकडा, ज्या लांबीखाली प्रयोगात गाठ बसली नाही तिच्या आत राहतो, आणि दोन तारांमध्ये दुसऱ्या चिमट्याला शिरायला फट उरत नाही. ६० सेंटिमीटरची मोकळी टोकं मात्र हवीतच, कारण त्यामुळे लाल आणि काळा चिमटा एकमेकांपासून जवळपास सव्वा मीटर फाकवता येतात. बॅटरीचं प्लस एका बाजूला आणि इंजिनवरची धातूची जागा दुसऱ्या बाजूला असली तरी हात पुरतो. बंद बांधताना तो आवळू नका. बंद आणि तार यांच्यामध्ये करंगळी सरकेल इतका सैल ठेवा. वेटोळं घातलं की बाहेरच्या तारेला आतल्या तारेपेक्षा जास्त लांबी लागते. बंद घट्ट असेल तर ती सरकू शकत नाही, मग आतली तार फुगा धरते, आणि तो फुगा म्हणजे पुढच्या गुंत्याला दिलेलं आमंत्रण.

बंद कशाचा घ्यायचा, यातही निवड आहे. दोन बोटं रुंदीची वेल्क्रोची पट्टी सगळ्यात सोयीची. ती न मिळाली तर सुती नाडी आणि सुरगाठ तेवढंच काम करते, फक्त गाठ एका ओढीत सुटणारी हवी. प्लॅस्टिकचे झिप टाय टाळलेले बरे, कारण आवळले की ते आवरणात रुततात आणि कापलेलं शेपूट अंधारात बोटाला लागतं. चिकटपट्टी उन्हाळ्यात पाझरते. विदर्भात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. तिथे टेपचा गोंद चिकट काळ्या थरासारखा तारेवर राहतो आणि त्यावर धूळ बसते. सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या रबरी चकत्या घरोघरी वापरल्या जातात आणि त्या चालतातही, पण उष्णतेने रबर वर्षा-दोन वर्षांत भेगाळतं, म्हणून त्या बदलत राहाव्या लागतात.

दुसरं काम म्हणजे वेटोळं. सवयीने हात जातो तो कोपर आणि अंगठ्याकडे. सुतळीला ते चालतं. जड केबलला चालत नाही. तार एकाच दिशेने गुंडाळत गेलं की प्रत्येक फेऱ्यागणिक तिच्यात एक पूर्ण पीळ भरला जातो, आणि सोडताना तो पीळ वळ्या होऊन बाहेर पडतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण माणसांसाठी वापरली जात असली तरी पीव्हीसीच्या आवरणालाही चपखल लागू पडते: महिनोन्‌महिने पिळात राहिलेलं आवरण तोच आकार धरतं. त्यावर नाटक-सिनेमाच्या ध्वनियंत्रणेवर काम करणारी माणसं वापरतात तो उपाय आहे. पहिला फेरा सरळ घ्यायचा, दुसरा घेताना मनगट आत वळवून तार उलटी, खालच्या बाजूने आणायची, तिसरा परत सरळ. सरळ फेऱ्याचा पीळ उलट्या फेऱ्यात जिरतो. जोडीची केबल हातात जड वाटत असेल तर ती जमिनीवर इंग्रजी आठाच्या आकारात अंथरा आणि मग आठाची एक पुडी दुसऱ्या पुडीवर दुमडा, परिणाम तोच. वेटोळ्याचा व्यास ३० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जेवणाच्या मोठ्या ताटाएवढा ठेवा. त्या मापाचा एक फेरा सुमारे ९४ सेंटिमीटरचा होतो, त्यामुळे ३ मीटरच्या केबलचे तीन फेरे होतात आणि चारही चिमटे आपोआप एकाच बाजूला येतात. ते तिथे यायलाच हवे असतात, कारण खरं कुलूप तिथेच लागणार आहे.

तिसरं काम या सगळ्याचा गाभा आहे. वेटोळं पुरं झालं की लाल चिमटा दुसऱ्या लाल चिमट्याच्या जबड्यात द्या, आणि काळा काळ्याच्या. दातात दात. एवढं केलं की लाल तार ही टोकं असलेली तार राहत नाही, तिचं कडं होतं, काळीचंही तसंच. बांगडी डब्यात कितीही हलवा, तिला गाठ बसत नाही, कारण विणायला तिच्यापाशी टोकच नसतं. सरळ-उलट फेऱ्यांच्या पद्धतीत एक उणीव आहे, तीही इथेच भरून निघते: त्यात एखादं टोक चुकून वेटोळ्याच्या आतून गेलं तर सोडताना ओळीने गाठी पडतात, टोकं एकमेकांत अडकलेली असतील तर ते आत जाणार तरी कसं? शेवटी वेटोळ्याभोवती तीन बाजूंनी तीन पट्ट्या बांधल्या की पुडकं तयार. चिमटे तारेच्याच आवरणावर लावून ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण दात आवरणात रुततात आणि कालांतराने आतलं तांबं उघडं पडतं. त्याहून वाईट सवय म्हणजे एका बाजूचे लाल आणि काळा एकमेकांत चावून ठेवणं. डिकीत असेपर्यंत ते निरुपद्रवी असतं. पण घाईत दुसरी बाजू आधी चालू बॅटरीला लागली तर या बाजूला शॉर्ट तयारच असतो. लाल लालला चावलेला असेल तर ही चूक घडूच शकत नाही.

जोडी बांधण्यावर एक तांत्रिक शंका घेतली जाते: दोन तारा एकत्र बांधल्या तर त्या तापणार नाहीत का? शंका रास्त आहे, कारण गुंडाळलेल्या एक्स्टेंशन वायरवर हीटर लावला तर ती तापून आवरण वितळतं, हे खरंच घडतं. पण तिथे वीज तासन्‌तास वाहते. वरच्याच हिशेबाने, १५० अँपिअरला आपल्या जोडीत सुमारे १४५ वॉट उष्णता तयार होते. तिच्यातलं तांबं साधारण ८६० ग्रॅम भरतं. सेल्फ सलग १० सेकंद मारला आणि सगळी उष्णता तांब्यातच राहिली असं धरलं, तरी तापमान चार-पाच अंशांनी वाढतं. हाताला जेमतेम कळेल इतकं. वापरताना पुडकं पूर्ण उलगडायचं आणि सेल्फ सलग फार वेळ मारायचा नाही, एवढं पथ्य पुरे. मधले बंद न सोडता केबल वापरली तरी बिघडत नाही. केबल गरम लागली, तर दोष बंदांचा नसून जाडीचा किंवा सांध्याचा आहे असं समजा.

दुसरी शंका पिशवीची. केबलबरोबर चेनची पिशवी मिळते, मग बांधायचं कशाला? इथे प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष आठवावा. सैल पिशवी म्हणजे तोच फिरणारा डबा. तिच्यात सुटी केबल टाकली तर गुंत्याला फक्त बंद खोली मिळते. घट्ट बसणारी पिशवी मात्र मदत करते. म्हणून आधी पुडकं, मग पिशवी. तिसरी शंका नव्या काळाची: आता खिशाएवढे लिथियमचे जम्प स्टार्टर मिळतात, केबल कालबाह्य झाली. ती उपकरणं उपयोगी आहेतच, आणि त्यांच्या तारा वीतभरच असल्याने त्या गुंतत नाहीत, हेही आपल्याच मुद्द्याला धरून आहे. पण त्यांना वेळोवेळी चार्ज करावं लागतं आणि तापलेली डिकी लिथियमला मानवत नाही. केबलला चार्ज लागत नाही; शेजारी एक चालू गाडी पुरते. शिवाय ऑटोमॅटिक गिअरची गाडी धक्का मारून सुरू होत नाही, त्यामुळे जुना हुकमी उपाय तिथे संपतो आणि केबलचं महत्त्व वाढतं. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असणाऱ्या गाड्या, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्या यांच्या जोडणीच्या जागा वेगळ्या असतात; त्या गाडीच्या पुस्तिकेत आधीच पाहून ठेवा.

बांधलेलं पुडकं वर्षानुवर्षं तसंच ठेवणंही बरं नाही. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या दमट हवेत चिमट्यांच्या तांब्यावर हिरवट थर येतो, कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यावर येतो तसाच. पावसात वापरलेली केबल ओली गुंडाळली तर हा थर आणखी लवकर येतो; आधी पुसा, वाळवा, मग बांधा. थंड देशांत राहणाऱ्या वाचकांची अडचण उलटी असते: कडाक्याच्या थंडीत पीव्हीसी काठीसारखं ताठ होतं, तेव्हा वेटोळं जबरदस्तीने सरळ करू नका, गाडीत जरा ऊब घेऊ द्या, आणि नवी घेताना रबरी आवरणाची घ्या. आपल्याकडे वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पुडकं सोडून चिमट्यांचे दात काचपेपरने घासावेत, सांधे बोटांनी हलवून पाहावेत आणि केबल परत बांधावी.

बांधणी जमली की नाही, याची परीक्षा घरीच घेता येते. संध्याकाळी दिवा न लावता डिकी उघडा. एका हाताने पुडकं उचला, तीन पट्ट्या सोडा, लालच्या जबड्यातून लाल आणि काळ्याच्या जबड्यातून काळा मोकळा करा आणि दोन्ही हातांनी टोकं ओढून केबल जमिनीवर पसरा. चारही चिमटे कुठे आहेत हे न पाहता सांगता आलं, तर बांधणी बरोबर आहे. एखादा चिमटा शोधावा लागला, तर तो कुठल्या फेऱ्यातून आत शिरला ते पाहा आणि तेवढीच एक जागा सुधारून केबल परत बांधा.